चरित्रकर्तीचें चरित्र

गेल्या पावसाळ्यांत डोलवीस एका आप्तांच्या घरीं आमचा दोन दिवस मुक्काम होता. मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळच्या अंगास असलेलें हें गांव. एका बाजूस पोलादाच्या कारखान्याचीं धुराडीं, तर दुसऱ्या बाजूस अंबा नदी जेथें खाडी होऊन धरमतरकडे पसरते तो सपाट, खारा प्रदेश. त्या घरांतील नववींत शिकणारी मुलगी शाळेंतील वक्तृत्वस्पर्धेसाठीं भाषण पाठ करीत होती. विषय होता ‘पहिल्या स्त्रिया’. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टरीण, पहिली मंत्री अशी नांवांची माळ ती एका दमांत ओढीत होती. ‘अवंतिकाबाई गोखले, मुंबई महापालिकेंत बसलेल्या पहिल्या चार स्त्रियांपैकीं एक, सन १९२३,’ हें वाक्य तिनें चार वेळां घोकलें. ओटीवर तांदूळ निवडीत बसलेल्या तिच्या आजीनें मान वर न करतां विचारलें, ‘अग, पहिली झाली तें कळलें. पण तिथें बसून तिनें केलें काय?’ मुलीच्या कागदावर या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर आमच्याहि जिभेवर तें लगेच आलें नाहीं.

आजींनीं विचारलेला प्रश्न हा चरित्रवाङ्मयाच्या टीकेंतील अगदीं मूळचा प्रश्न आहे, असें आम्हांस त्या दिवसापासून वाटूं लागलें आहे. कर्तबगार स्त्रियांविषयीं मराठींत हल्लीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या लिखाणांत ‘पहिली’ हें विशेषण इतकें स्वस्त झालें आहे कीं, तें एकदां लावलें म्हणजे लेखकाला आपलें कर्तव्य संपलें असें वाटतें. विशेषण मानाचें आहे खरें. पण तें बाईला खुर्चीवर बसवितें आणि तिच्या हातांतलें काम काढून घेतें. खुर्चीची तारीख आपणांस पाठ होते. त्या खुर्चीपर्यंतची वाट आणि खुर्चीवरून उठल्यानंतरची वाट, दोन्ही विस्मरणांत जातात. अवंतिकाबाईंचें उदाहरण घेऊन हा दोष किती खोल गेला आहे तें पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि तें उदाहरण घेण्यास एक विशेष कारण आहे. ही बाई स्वतः चरित्रकर्ती होती. गांधींचें मराठींतलें पहिलें चरित्र तिनें लिहिलें. जिनें दुसऱ्याचें आयुष्य वाचकांपुढें इतक्या लौकर ठेविलें, तिचें स्वतःचें आयुष्य सुशिक्षित घरांत दोन ओळींवर यावें, ही गोष्ट तिच्यापेक्षां आपल्या वाचनाबद्दल अधिक सांगते.

प्रथम वाटेकडे वळूं. अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ सालीं इंदुरास झाला. माहेरचें घराणें मूळचें तासगांवचें, आडनांव जोशी. त्या काळच्या रीतीप्रमाणें शाळा त्यांच्या वांट्यास आली नाहीं आणि नवव्या वर्षीं लग्न होऊन त्या गोखल्यांच्या घरीं आल्या. पती बबनराव हे पुढें इंजिनिअर झाले. बायकोनें लिहावयास-वाचावयास शिकलेंच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाला बाईंनीं नुसता होकार दिला नाहीं, तर त्याच्याहि पुढें मजल मारली. परिचारिकेचें आणि प्रसूतिविद्येचें शिक्षण त्यांनीं घेतलें. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. सोंवळ्या-ओंवळ्याच्या त्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलींतील काम हें कोणत्या वर्गाकडे सोंपविलेलें असे, हें जुन्या माणसांस सांगावयास नको. पांढरपेशा ब्राह्मण घरांतील सुनेनें तें काम विद्या म्हणून शिकावें आणि सेवा म्हणून करावें, या एका गोष्टींत पुढील सर्व राजकारणाचें बीज आहे. सभेंतील भाषणापूर्वीं त्यांनीं बाळंतिणीची खोली पाहिली होती. आजींच्या प्रश्नाचें पहिलें अर्धें उत्तर येथें आहे.

वाटेवरचा दुसरा टप्पा चंपारण्याचा. १९१७ सालीं बिहारमधील निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध शेतकऱ्यांची दाद लावून घेत असतां, चौकशीचें काम कितीहि चांगलें झालें तरी खेड्यांतील अज्ञान आणि घाण यांना हात घातल्यावांचून तें टिकणार नाहीं, हें गांधींच्या ध्यानांत आलें. त्यांनीं स्वयंसेवक मागविले. मुंबईहून बबनराव आणि अवंतिकाबाई गेल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या, भारतसेवक समाजाचे डॉक्टर देव गेले. बडहरवा लखनसेन या खेड्यांत १३ नोव्हेंबर १९१७ रोजीं पहिली शाळा उघडली, आणि ती गोखले दांपत्य व देवदास गांधी यांच्याकडे सोंपविण्यांत आली. शिक्षकांस राहण्याजेवण्याची सोय गांवानें करावी एवढीच अपेक्षा होती. औषधांची पेटीहि अशीच साधी होती: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचें मलम. आम्हांस हिंदी नीट येत नाहीं, मग शिकवावयाचें कसें, ही या बायकांची शंका होती. अक्षरांपेक्षां स्वच्छता आणि चांगल्या संवयी शिकवावयाच्या आहेत, असें गांधींनीं त्यांस समजाविलें. पुढें आत्मकथेंत गांधींनीं अवंतिकाबाईंच्या शाळेला आदर्श म्हटलें, आणि या बायकांमुळेंच आपणांस खेड्यांतील स्त्रियांपर्यंत थोडेंबहुत पोंचतां आलें, अशी कबुली दिली. पुरुष कार्यकर्त्याला जें दार बंद होतें तें प्रसूतिविद्या जाणणाऱ्या बाईला उघडलें. ही गोष्ट मोठी भाषणें करून साधली नसती.

आतां पुस्तकाकडे. चंपारण्याहून परतल्यावर, १९१८ सालीं, अवंतिकाबाईंनीं गांधींचें चरित्र मराठींत प्रसिद्ध केलें आणि त्याला प्रस्तावना लिहिली लोकमान्य टिळकांनीं. या घटनेचें वाङ्मयीन महत्त्व किती आहे याची दखल आमच्या टीकाकारांनीं पुरेशी घेतली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. इंग्रजींत जोसेफ डोक यांनीं १९०९ सालीं गांधींचें चरित्र लिहिलें होतें, पण तें दक्षिण आफ्रिकेंतील गांधींचें. १९१८ सालचे गांधी हिंदुस्थानांत येऊन तीनच वर्षें झालीं होतीं. रौलट कायद्याविरुद्धचा लढा अजून एक वर्ष दूर होता. महाराष्ट्रांतील घराघरांत तें नांव पोंचावयाचें होतें. ज्या माणसाचें मोठेपण अद्याप वादांत आहे त्याचें चरित्र लिहिणें म्हणजे एक प्रकारची पैज लावणें होय. ही पैज मुंबईंतील एका मध्यमवर्गीय बाईनें लावली.

त्यांतहि आणखी एक धागा पाहण्यासारखा आहे. गांधी हे गोपाळ कृष्ण गोखल्यांस आपले राजकीय गुरु मानीत. गोखले १९१५ सालीं वारले. त्यांच्यांत आणि टिळकांत जो मतभेद होता तो महाराष्ट्राच्या ओटीओटीवर भांडणाचा विषय झालेला होता. अशा वेळीं गोखल्यांच्या शिष्याचें चरित्र आणि त्यावर टिळकांची प्रस्तावना, हा योग एका पुस्तकांत घडला. दोन पक्षांमधील भिंतीला जें दार पुरुषांच्या सभांना पाडतां आलें नाहीं, तें या पुस्तकापुरतें तरी एका बाईनें पाडलें. यालाहि राजकारण म्हणावयाचें कीं नाहीं? आमच्या मतें तें राजकारणच होतें, आणि निवडणुकीच्या पांच वर्षें आधींचें होतें.

मराठी स्त्रियांनीं लिहिलेल्या चरित्रपर वाङ्मयाची ओळ ज्यांनीं वाचली आहे त्यांना यांतील नवेपणा लगेच दिसेल. काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें चरित्र लिहिलें. तेथें एका स्त्रीनें अकालीं गेलेल्या दुसऱ्या स्त्रीचें दुःख आणि धैर्य जपून ठेविलें. रमाबाई रानड्यांनीं १९१० सालीं आपल्या आयुष्यांतील आठवणी लिहिल्या. तेथें पत्नीनें दिवंगत पतीचें स्मरण केलें आणि त्या स्मरणाच्या पदराआड स्वतःचें मनहि दाखविलें. दोन्ही ग्रंथ मराठीचीं भूषणें आहेत. पण दोन्हींचा विषय लेखिकेच्या जिव्हाळ्याच्या वर्तुळांतला होता. अवंतिकाबाईंनीं निवडलेला पुरुष नात्याचा नव्हता, मृत नव्हता आणि त्याचें काम संपलेलें नव्हतें. सार्वजनिक पुरुषाची परीक्षा करून त्याविषयीं लोकांस सांगण्याचा अधिकार आपणांस आहे, असें एका मराठी स्त्रीनें येथें गृहीत धरिलें. मताचा अधिकार कायद्यानें मिळण्याच्या आधीं मत बनविण्याचा अधिकार तिनें आपल्या लेखणीनें घेतला. चालत्या आयुष्याचें चरित्र लिहिण्यांत दोष असतातच. पुढचें दिसत नाहीं, आणि ज्याच्या हाताखालीं आपण काम केलें त्याच्याविषयीं भक्ति आड येते. या दोषांपासून अशा प्रकारचें लेखन सुटत नाहीं. तरीहि पैज लावण्याचें श्रेय उरतेंच.

त्याच १९१८ सालीं त्यांनीं मुंबईंत हिंद महिला समाजाची स्थापना केली, आणि येथून आपण बेटाच्या राजकारणाकडे येतों. ‘बेट’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाहीं. १८८८ सालच्या कायद्यानें उभी राहिलेली मुंबईची म्युनिसिपालिटी ही कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाचीच होती. उपनगरें तिला जोडलीं गेलीं तीं १९५० व १९५७ सालीं. खाडीच्या या बाजूस, पेण-रोह्याच्या पट्ट्यांत राहणाऱ्या माणसाला त्या बेटाची ओळख धरमतरच्या बोटीवरून होई. घरांतला कर्ता पुरुष गिरणींत नाहीं तर गोदींत, आणि घर इकडे. अशीं हजारों कुटुंबें होतीं. त्या बेटावरील नळ, गटार आणि दवाखाना यांचा निकाल कोण लावितो, हा प्रश्न म्हणून डोलवीच्या चुलीपर्यंत येऊन पोंचत असे.

निकाल लावणाऱ्यांस मराठींत ‘नगरपिते’ म्हणत. हा शब्द इंग्रजीवरून आला आणि रुळला. त्याला स्त्रीलिंग नव्हतें, कारण त्याची गरज कोणास पडली नव्हती. १९२२ सालीं कायदा बदलला. दरमहा दहा रुपये भाडें भरणाऱ्या भाडेकऱ्यास मत मिळालें आणि स्त्रियांना सभासद होण्याची वाट मोकळी झाली. नव्या कॉर्पोरेशनमध्यें १०६ सभासद बसावयाचे होते. पैकीं ७६ वॉर्डांतून निवडलेले. १९२३ सालीं त्या सभागृहांत सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले, बच्चूबाई लोटवाला आणि हॉजकिन्सनबाई अशा चार स्त्रिया बसल्या. एकशें सहांत चार! शब्दकोशांतील पुल्लिंग मात्र तसेंच राहिलें. ‘नगरसेविका’ हा शब्द रूढ व्हावयास आणखी बराच काळ जावा लागला. भाषा ही कायद्याच्या मागून चालते, असा अनुभव येथेंहि आला.

त्या चौघींपुढें जें शहर होतें त्याचा एक आंकडा सांगितला म्हणजे पुरे. १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें वर्षाच्या आंत दगावणाऱ्या मुलांची संख्या ६६० च्या वर गेली होती. एका खोलींत संसार करणाऱ्यांत ती ८०० च्याहि वर होती. आणि शहराची जवळजवळ दोन तृतीयांश वस्ती एकाच खोलींत राहणारी होती. हा आंकडा थोडा फसवा आहे हेंहि सांगितलें पाहिजे. कोंकणांतील बायका बाळंतपणासाठीं गांवीं येत. जन्माची नोंद इकडे होई, मूल घेऊन बाई परत चाळींत गेली आणि तें दगावलें म्हणजे मृत्यूची नोंद तिकडे होई. त्यामुळें मुंबईच्या वहींत जन्म कमी आणि मृत्यु अधिक दिसत. पण या खुलाशानें दुःख कमी होत नाहीं; तें कोणत्या घरांतून कोणत्या घरीं गेलें एवढेंच कळतें. बेटाच्या वहींतील तो आंकडा आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या माजघरांतून गेलेला होता. (१९८१ पासून या जिल्ह्याचें नांव रायगड झालें आहे.) अशा शहराच्या सभेंत प्रसूतिविद्या शिकलेली, खेड्यांत औषधाची पेटी घेऊन हिंडलेली बाई बसली, याचा अर्थ ‘पहिली’ या शब्दांत मावत नाहीं. ज्या विषयावर बाकीचे सभासद अहवाल वाचून बोलणार, तो विषय तिनें हातांनीं हाताळलेला होता.

मग तिनें तेथें केलें काय? येथें चरित्रलेखनाची खरी अडचण उभी राहते, आणि आमच्या टीकेचा मुख्य मुद्दाहि हाच आहे. चरित्राचा सांचा हा एकट्या माणसाचा सांचा आहे. त्याला रणांगण हवें, तुरुंग हवा, नाट्यमय त्याग हवा. म्युनिसिपालिटीचें काम एकशें सहा जणांचें असतें. नळ बसला तर तो कोणा एकाच्या नांवावर लिहितां येत नाहीं. ठराव एकानें मांडावा, दुसऱ्यानें दुरुस्त करावा, तिसऱ्यानें पैशाची तरतूद करावी, आणि चौथ्यानें पांच वर्षें त्याचा पाठपुरावा करावा. अवंतिकाबाई सभासद होत्या त्या काळांत, १९२५ सालीं, गिरणगांवाकडील एफ आणि जी या दोन वॉर्डांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्यास सुरुवात झाली. प्रांताच्या कायदेमंडळांत १९२९ सालीं गिरणींतील स्त्रियांसाठीं प्रसूतिसाह्याचा कायदा झाला, आणि या देशांत असा कायदा प्रथम मुंबई प्रांतानें केला. यांतील कोणतीहि गोष्ट एकट्या अवंतिकाबाईंची नव्हे. पण स्त्रियांचा प्रश्न हा दयेचा नसून कारभाराचा प्रश्न आहे, त्याला ठराव आणि तरतूद लागते, ही समजूत ज्या वर्षांत रुजली त्या वर्षांत त्या सभागृहांत बसून होत्या. सामुदायिक कामाचें श्रेय सामुदायिकच असावयाचें. तें एकाच्या गळ्यांत घातलें तर खोटें होतें; कोणालाच दिलें नाहीं तर अन्याय होतो. या दोहोंमधून वाट काढणें हें चरित्रकाराचें कौशल्य, आणि ज्या लेखनांत स्त्रियांच्या नांवांच्या याद्याच असतात त्याला तें साधलेलें नाहीं.

उलट, चरित्राला जें आवडतें तेंच काय तें आपल्या स्मरणांत राहतें. गांधींच्या वाढदिवसास अवंतिकाबाई दर वर्षीं स्वतः कातलेल्या सुताचें धोतर त्यांस देत, ही हकीकत गोड आहे आणि ती वारंवार सांगितली जाते. गोड आहे म्हणूनच ती धोक्याची आहे. धोतराची गोष्ट ऐकली कीं भक्त दिसतो. १९१८ सालीं पैज लावणारी लेखिका आणि अंदाजपत्रकाच्या बैठकींत बसणारी सभासद दिसेनाशी होते. स्त्रीचें सार्वजनिक आयुष्य लिहितांना तिला कोणा थोर पुरुषाच्या प्रकाशांत उभें करण्याची संवय आपल्याकडे जुनी आहे. गांधींच्या आयुष्यांत अवंतिकाबाईंचें स्थान काय, हें सर्वजण विचारतात. अवंतिकाबाईंच्या आयुष्यांत गांधींचें स्थान काय, हें विचारणारा चरित्रकार आम्हांस अधिक प्रिय होईल.

१९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहांत मुंबईच्या किनाऱ्यावर मीठ तयार करण्यासाठीं जी सात जणांची पहिली तुकडी नेमली, तींत दोनच स्त्रिया होत्या: कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले. त्या वर्षीं बाईंना तुरुंगवासहि घडला. पेणच्या खाडीकांठीं ज्यांनीं मिठागरें पाहिलीं आहेत त्यांना या गोष्टीचा अर्थ पुस्तकी वाटणार नाहीं. समुद्राचें पाणी वाफ्यांत घ्यावें, उन्हानें तें आटावें आणि उरलेलें पांढरें पीक आपल्या हातीं यावें. यांत सरकारचा हक्क कोठून आला, हा प्रश्न आगरावर राबणाऱ्याला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला उरण तालुक्यांतील चिरनेर येथें जंगल-सत्याग्रहांत गोळीबार झाला आणि आमच्या जिल्ह्यानें त्या लढ्याची किंमत रक्तानें मोजली. म्युनिसिपालिटीच्या खुर्चीवरील बाई चुलीवर खारें पाणी उकळावयास बसली, तेव्हां तिनें कारभार टाकून चळवळ धरली असें कांहींजण म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. कर कोणावर बसावा आणि त्याचा पैसा कोठें जावा, हा एकच प्रश्न तिनें दोन ठिकाणीं विचारला. एकदां सभागृहांत आणि एकदां वाळूवर.

आतां प्रतिकूल बाजूहि मांडली पाहिजे, नाहीं तर आमची टीका म्हणजे आणखी एक स्तुतिपाठ होईल. पहिला आक्षेप असा कीं, अवंतिकाबाई पुढें आल्या त्या पतीच्या पाठबळानें. तें खरें आहे. बबनरावांनीं अक्षरें शिकविण्याचा हट्ट धरिला नसता आणि चंपारण्यास बरोबर येऊन खेड्यांत मुक्काम केला नसता, तर ही हकीकत वेगळी झाली असती. पण पतीनें दार उघडणें आणि पतीनें खुर्चीवर बसणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. बायको निवडून यावी, शिक्का मात्र नवऱ्याच्या खिशांत असावा, असा प्रकार गांवोगांवच्या ग्रामपंचायतींत लोकांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे आणि ‘सरपंच-पति’ हा शब्दहि बनविला आहे. बबनरावांचें मोठेपण हें कीं, ते बायकोच्या मागें उभे राहिले; तिच्या जागीं उभे राहिले नाहींत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दहा रुपये भाड्याची अट म्हणजे काय? ज्या खोलीचें भाडें त्याहून कमी, त्या खोलींतील बाईला मतच नव्हतें. म्हणजे ज्या घरांत हजारांतलीं आठशें मुलें दगावत होतीं, तीं घरें मतदारांच्या यादीबाहेर होतीं. त्यांच्या वतीनें बोलणाऱ्या स्त्रिया सुशिक्षित, बहुतेक सुस्थित वर्गांतल्या होत्या. हा दोष त्या चौघींचा नव्हे, कायद्याचा होता; पण त्यांच्या राजकारणाची मर्यादा म्हणून तो मांडल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं. दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा कितीहि प्रामाणिक असला तरी ज्याचें दुखतें त्याच्या बोलण्याची जागा तो भरून काढूं शकत नाहीं. मुंबईची महापालिका प्रौढ मताधिकारानें प्रथम निवडली गेली ती १९४८ सालीं, आणि अवंतिकाबाई १९४९ सालीं वारल्या. ज्या खोल्यांची दारें त्यांनीं सुईण म्हणून ओळखलीं होतीं, त्या खोल्यांतील बायका मत देण्यास बाहेर पडल्याचें वर्ष त्यांच्या हयातींत आलें. चरित्राचा शेवट करावयास याहून चांगली घटना आम्हांस सुचत नाहीं. तुरुंगाच्या दारापेक्षां ती कमी नाट्यमय असेल, पण अधिक खरी आहे.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९५६ सालीं सुलोचना मोदी या मुंबईच्या पहिल्या स्त्री महापौर झाल्या. १९९२ सालच्या घटनादुरुस्त्यांनीं ग्रामपंचायतींत व नगरपालिकांत स्त्रियांसाठीं एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें, आणि २०१२ सालच्या मुंबईच्या निवडणुकींत २२७ पैकीं निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव होत्या. एकशें सहांत चार येथून निम्म्यापर्यंत! संख्येचा प्रश्न कायद्यानें सोडविला. म्हणूनच आतां ‘पहिली’ या शब्दाचें काम संपत आलें आहे. जेथें प्रत्येक गांवांत निवडून आलेल्या स्त्रिया आहेत, तेथें पहिली कोण हें सांगून मुलींना फारसा लाभ नाहीं. खुर्चीवर बसण्याआधीं काय शिकावें, बसल्यावर कोणाला सोबत घ्यावें आणि कोणाचें मत आपल्या यादीबाहेर राहिलें आहे हें कसें ओळखावें, याचें शिक्षण त्यांना हवें आहे. तें शिक्षण देणारें आयुष्य मराठींत घडून गेलें आहे. तें त्या दृष्टीनें लिहिलें मात्र गेलें पाहिजे.

सुशिक्षित कुटुंबांस आमची एक सूचना आहे. घरांतील मुलीला असें भाषण करावयाचें असेल तर तिच्या यादींतील नांवें वीसांवरून दोनांवर आणावीं, आणि त्या दोघींनीं सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलें तें तिला शोधावयास सांगावें. शोधाला वेळ लागेल. जुन्या ग्रंथसंग्रहालयांत जावें लागेल, सभांचीं इतिवृत्तें चाळावीं लागतील, एखाद्या वयस्क बाईशीं तासभर बोलावें लागेल. चरित्रवाङ्मयाची गोडी अशीच लागते. अवंतिकाबाई स्वतः शाळेंत गेल्या नव्हत्या. तरी ज्याच्याबरोबर काम केलें त्याचें आयुष्य लिहावयाचें त्यांस सुचलें, कारण आपण जें पाहिलें तें लोकांपर्यंत गेलें पाहिजे अशी त्यांची धारणा होती.

डोलवीच्या त्या मुलीनें स्पर्धेंत कोणतें बक्षीस मिळविलें हें आम्हांस कळलेलें नाहीं. निघण्याच्या सकाळीं तिनें आपला कागद आम्हांस दाखविला. बरींच नांवें खोडलेलीं होतीं आणि अवंतिकाबाईंच्या नांवाखालीं नव्या शाईनें एक वाक्य लिहिलें होतें: त्या बाळंतिणींची सेवा शिकल्या, मग शाळा चालविली, मग पुस्तक लिहिलें, आणि मग निवडून आल्या. आजींनीं तें वाचून घेतलें आणि म्हणाल्या, ‘हां, आतां बाई दिसली.’